सुई एकाच वेळी, पंगती दोन

वहिनी,

कालच तुझा तेरावा झाला. इतके दिवस घरात माणसांची रीघ लागली होती आणि जो तो तुझं कौतुक करत होता. "सवाष्ण गेली, पुण्यवान हो!" "नवऱ्याची साखर कशी मुठीत ठेवली होती!" आणि मग आवाज जरा खाली आणून, "स्वतःचं मात्र तोंड आवरलं नाही बिचारीला. गूळ काही सुटला नाही." मी कॉफीचे पेले घेऊन उभी असायचे आणि वाटायचं, एकेकाच्या हातातला पेला काढून घ्यावा. पण खरं सांगू? त्यांच्यापेक्षा मला राग तुझाच येतो. हे बोलणं पसरू दिलंस तूच. तू गूळचोर नव्हतीस हे या घरात दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातली एक तोंडाला कुलूप लावून निघून गेली.

तू निपाणीहून आमच्या अण्णाची बायको होऊन बेंगळुरात आलीस तेव्हा मी शाळेत होते. तुझं ते "मी जेवतो, मी येतो" ऐकून आम्ही सगळे हसायचो. आमचं मराठी तरी कुठं धड होतं! चार पिढ्या इथं काढून निम्मं कन्नड झालेलं. तू मोठी असून मला 'वन्सं' आणि 'तुम्ही' म्हणायचीस, आणि मी तुला पहिल्या दिवसापासून 'वहिनी' आणि 'तू'. नणंदेचा मान म्हणे. कसला मान? एवढा मान होता तर माझं एक तरी ऐकायचं होतंस.

आधी अण्णाला मधुमेह निघाला, मग दोन-तीन वर्षांत तुला. गोळ्या दोघांनाही पुरेनात, तेव्हा जयनगरच्या डॉक्टरांनी दोघांनाही इन्सुलिनवर घातलं. तिथल्या नर्सनं तुला संत्र्यावर सुई टोचून दाखवली. संत्री महाग म्हणून तू घरी येऊन लिंबावर सराव केलास. आठवडाभर आपल्या वरणाला पिळायला जे लिंबू यायचं त्याला भोकं असायची. मग अण्णाच्या दंडावर पहिली सुई दिलीस तेव्हा अण्णा पेपर वाचत होता. त्यानंतर कायम तसंच. एका हातात पेपर, दुसरा दंड तुझ्यापुढे, मान वर नाही.

आणि तुझी सुई? तवा तापत ठेवलेला, पदर बाजूला सारून पोटाच्या कडेला खुपसायची आणि लगेच हात धुऊन पिठाकडे वळायची. आपली सिरिंज काचेची. सकाळ-संध्याकाळ पातेल्यात उकळायची. दोनदा कोण उकळणार, गॅस जातो, म्हणून दोघांच्या सुया एकाच पातेल्यात आणि दोघांची इंजेक्शनं एकाच वेळी. डॉक्टरांनी सांगितलेलं, इंजेक्शननंतर अर्ध्या तासात जेवायचं. अण्णा अर्ध्या तासात जेवायचा. कारखान्यातून निवृत्त झाला तरी भोंगा वाजल्यासारखा पाटावर येऊन बसायचा, आणि त्याचं ताट तयार असायचं. गरम पोळी, कमी भात, चिरलेली काकडी, सगळं मापात. तू मात्र शेवटची पोळी त्याच्या ताटात टाकून, ताक देऊन, ओटा आवरून, पाहुणा असेल तर त्याचंही करून मग बसायचीस. सुई एका पंगतीत, जेवण दोन पंगतींत. इतकी साधी गोष्ट. यात कसलं गूढ आहे सांग?

पोटात अन्न नाही आणि अंगात औषध भिनतंय, मग काय होणार? वरच्या ओठावर घाम यायचा. तू तो पदरानं टिपायचीस, जणू गॅसच्या धगीचाच आहे. हात चाचपडायला लागायचे, मिठाऐवजी सोडा उचलायचीस. मग फळीवरचा कॉफीपुडीचा जुना डबा काढायचा, त्यातला गुळाचा खडा तोंडात टाकायचा, दोन मिनिटं ओट्याला टेकायचं आणि पुन्हा पोळ्या. अण्णाला पाटावरून दिसायचं ते एवढंच, की बायको पाठमोरी उभी राहून गूळ खातेय. "झाली का चोरी?" म्हणून तो हसायचा. तूही हसायचीस! हसण्यासारखं काय होतं त्यात, वहिनी?

खडा एकावर थांबायचा नाही. हात कापत असताना कुणाला माप कळतं? मग उशिरा बसून त्याच्यावर पोटभर जेवण. रक्त तपासलं की तुझी साखर आभाळाला टेकलेली. डॉक्टर डोस वाढवायचे. डोस वाढला की चक्कर वाढायची, चक्कर वाढली की गूळ वाढायचा, गूळ वाढला की साखर, की पुन्हा डोस. बैल घाण्याला जुंपावा तशी तू त्यात फिरत होतीस. आणि एकच डॉक्टर, एकाच फ्रिजच्या एकाच दारातल्या बाटल्या, पण अण्णाचा रिपोर्ट बघून डॉक्टर त्याची पाठ थोपटायचे. "अण्णावरु, तुमच्यासारखी शिस्त पाहिजे." शिस्त! त्याला इन्सुलिनची बाटली कुठल्या फळीवर असते ते ठाऊक नव्हतं.

त्या दवाखान्यातल्या बाकावर बसून मी बघत असायचे. पुरुष पेशंट आला की बरोबर बायको असायची. किती युनिट, कधी घेतलं, रात्री काय खाल्लं, सगळं ती सांगायची. तो आपला छताकडे बघत बसायचा. बाई पेशंट असली तर एकटी यायची, नाहीतर बरोबरचा नवरा म्हणायचा, "स्वीट खाती सार, ऐकतच नाही." डॉक्टर एकदा म्हणाले, "बायकांची शुगर ताब्यात यायला जरा कठीणच. शरीराचं गणित वेगळं. पाळी गेली, वजन वाढलं, की औषध तितकं लागू पडत नाही." असेल बाई. शरीरं वेगळी असतात हे मला मान्य. पण पुरुषाला इन्सुलिनबरोबर एक बायको मिळते आणि बाईला नुसतंच इन्सुलिन, हे गणित कुणी मांडायचं?

मी मांडायला गेले होते. आठवतंय ना? अण्णाही बरोबर होता. डॉक्टर तुला म्हणाले, "काय अम्मा, तोंडावर स्वल्प ताबा ठेवा. गूळ सोडा." मी म्हटलं, "डॉक्टर, ही इंजेक्शन घेते आणि दीड तासानं..." पुढचं बोलायच्या आत टेबलाखालून माझ्या मांडीला असा चिमटा बसला की डोळ्यांत पाणी आलं. आणि तू गोड आवाजात म्हणालीस, "नाही हो डॉक्टर, वेळेवरच जेवतो मी. गुळाचंच जरा वेड हाय." खोटं! डॉक्टरांच्या तोंडावर, माझ्यादेखत!

परतताना रिक्षात अण्णा पुढे ड्रायव्हरशी कन्नडमध्ये क्रिकेट बोलत होता आणि मागे आपण दोघी कुजबुजत भांडत होतो.

"खोटं का बोललीस?"

"मग काय सांगू? बायको उपाशी राबतीय आणि नवरा जेवतोय, असं? डॉक्टर ह्यांना बोलले असते की ओ. चारचौघांत ह्यांना कुणी बोललेलं मला चालायचं नाही."

"आणि तुला बोललेलं चालतं?"

"मला काय होतंय? गूळच तर खाल्ला म्हणतात. दुसऱ्याच्या घरचा नव्हं."

"अगं मग आधी जेव. नाहीतर त्याच्याबरोबर तरी बस."

"अय्या वन्सं, ह्यांच्या आधी मी ताटावर बसू होय? माझी आई स्वर्गातनं खाली येईल. जेवतो की मग. पळून जातंय होय जेवण?"

मी म्हटलं, मीच सांगते अण्णाला. तेव्हा तू माझा हात घट्ट धरलास. "माझी शपथ हाय तुम्हाला. ह्यांना कळलं तर घास गोड लागायचा नाही त्यांना. सांगायचं नाही म्हणजे नाही." आणि वर मलाच समजावलंस, "बनशंकरीला लिंबाचे दिवे लावतो ना मी, देवी बघेल." मंगळवारी राहुकाळात रांगेत उभी राहून तू लिंबाच्या सालीत तूप घालून दिवे लावायचीस. सगळे अण्णाच्या साखरेसाठी. स्वतःच्या नावानं एक तरी लावायचा होतास! लिंबाची काही टंचाई नव्हती आपल्याकडे.

मी काही हात जोडून बसले नाही. टेलिफोन एक्स्चेंजमधून रजा काढली आणि पदर खोचून ओट्याशी उभी राहिले. म्हटलं, "आजपासून पोळ्या मी लाटणार. तुम्ही दोघं बसा." तू अण्णाशेजारी पाटावर बसलीस ती परक्याच्या लग्नात बसल्यासारखी. अण्णाला चेवच चढला. "काय गं, पुन्हा बोहल्यावर चढायचंय की काय? अंतरपाट आणू?" तू लाजून लाल. दुसऱ्या घासाला अण्णा म्हणाला, "चटणी?" चटणी माझ्या हाताशी होती, तरी तू उठलीस. तुला खांद्याला धरून खाली बसवलं. पुन्हा तो "ताक?" म्हणाला, पुन्हा तू उठलीस. त्याच्या आवाजाला तुझे गुडघेच उत्तर द्यायचे, तुला विचारायचेसुद्धा नाहीत. पण मी हट्टाला पेटले होते. रजा होती तोवर तुला दोन्ही वेळा बसवलं, आणि कॉफीपुडीच्या डब्याला तुझा हात लागला नाही. त्या खेपेचा रिपोर्ट बघून डॉक्टर खूश झाले. काय म्हणाले? "शाब्बास अम्मा! शेवटी गूळ सोडलात!" आणि तू मान डोलावलीस. मी तिथंच कपाळावर हात मारून घेतला.

रजा संपली, आणि मागचं पुढे सुरू. ऑफिसात माझी जेवणाची सुट्टी झाली की दुसरी बाई येऊन माझा हेडफोन घ्यायची. मी डबा उघडला की त्यात तुझ्या हातचं गरम काहीतरी. सरकारला सुद्धा कळत होतं की बाईला भूक लागते. आपल्या घरात मात्र तुझ्या जागी उभं राहणारं कुणी नव्हतं.

त्या डब्यांचं मी कधी बोलले नाही तुझ्याशी. लग्न न करता भावाच्या घरी राहिलेल्या बाईला लोक काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. एकदा धारवाडच्या आत्या म्हणाल्या, "हिचं ओझं किती दिवस?" तू कणिक मळता मळता म्हणालीस, "ओझं कसलं ओ? वन्सं हाईत म्हणून मला बोलायला माणूस हाय." रात्रपाळी असली की मी येईपर्यंत तू फाटकाशी उभी. आल्या आल्या पान वाढलेलं. बाकी सगळ्यांच्या भुकेचं तुझ्याकडे चोख घड्याळ होतं. म्हणून तर जास्त चिडायला होतं, वहिनी. इतकी हुशार बाई, आणि आपल्या पोटाच्या बाबतीत इतकी दगड!

त्या सकाळीही तेच. छातीत जळजळतंय म्हणालीस. "पित्त झालंय, सोडा घेतो." सोडा घेतलास, पातेलं उकळलंस, अण्णाला इंजेक्शन दिलंस, त्याचं उप्पिट त्याच्यापुढे ठेवलंस आणि मग भिंतीला धरून खाली बसलीस. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. साखरेच्या बाईला हार्टचा झटका असाही येतो म्हणे, पित्तासारखा. कुणालाच कळलं नाही. तुझी काकडी चिरायची राहिली होती एवढंच.

आता बाराव्याचं सांगते. हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुम्हाला एकटी सुधा, मुलगा नाही, म्हणून क्रियेला अण्णाच बसला. तू गेल्यापासून गल्लीतला कंपाउंडर येऊन त्याला सुई देतो. त्या दिवशीही नेहमीच्या वेळी आला आणि अण्णानं सवयीनं दंड पुढे केला. मी केळीची पानं आणायला बाजारात गेले होते. त्याच्या लेखी इंजेक्शन घेतलं की अर्ध्या तासात ताट पुढ्यात येतं, हा सृष्टीचा नियम. ते ताट कुणीतरी आणतं, हे त्याला कुठं ठाऊक? तेवढ्यात गुरुजी आले आणि म्हणाले, पिंड होईपर्यंत कर्त्यानं काही घ्यायचं नाही. "सरी, बरं," म्हणून अण्णा बसला.

मी आले तोवर क्रिया रंगात आली होती. बघते तर अण्णाच्या वरच्या ओठावर घाम. तो उपरण्यानं टिपत होता. पळीतलं पाणी ताम्हनाबाहेर सांडत होतं. दर्भ हातातून गळत होता आणि तो चाचपडत होता. गुरुजी हळूच म्हणाले, "दुःख झालंय फार. साहजिक आहे." दुःख झालं होतंच हो, पण ओठावरचा तो घाम मी ओळखते. इतकी वर्षं तुझ्या शेजारी उभं राहून पाहिलाय. धावत स्वयंपाकघरात गेले, फळीवरचा कॉफीपुडीचा डबा काढला. तळाशी तुझे खडे होते. एक फोडला आणि अण्णाच्या तोंडात कोंबला.

"अहो, कर्त्याला चालत नाही!" गुरुजी ओरडले.

"जिच्यासाठी करताय तिचाच गूळ आहे," मी म्हटलं. "तिला चालेल."

अण्णा भिंतीला टेकून डोळे मिटून चघळत राहिला. आणखी एक खडा दिला. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. डोळे उघडून म्हणाला, "काय झालं गं मला? वाटलं, जमीनच काढून घेतली कुणी पायाखालची. मेलो म्हटलं."

"साखर उतरली. सुई घेतलीस आणि जेवला नाहीस."

तो माझ्या हातातल्या डब्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "हा हिचा डबा ना?"

"हो."

"म्हणजे हिला असं व्हायचं?"

वहिनी, तू शपथ घातली होतीस. मी ती तू असेपर्यंत पाळली. पण माणसं पेले हातात घेऊन तुला गूळचोर म्हणतायत आणि तो मान हलवतोय, हे मला यापुढे सहन होणार नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज. दोन्ही वेळा. तू जेवत असताना."

 त्यानं क्रिया पुरी केली. तुझं पान वाढायची वेळ झाली तेव्हा सुधा आमटी वाढत होती, तिला म्हणाला, "गरम वाढ तिला. कडकडीत." आणि मग पोरासारखा रडायला लागला. तू म्हणाली होतीस तसंच झालं. तुझा अंदाज कधी चुकला आहे? त्या दिवशी त्याला घास गोड लागला नाही. न लागू दे. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम. काल घोरपडे मामी आल्या आणि गुळाचं काढलं, तर अण्णाच म्हणाला, "गूळ ती चवीसाठी खात नव्हती हो. मला वेळेवर जेवण मिळावं म्हणून खात होती." मामींना काही कळलं नाही. तुला कळलं असेल तर पुरे.

आज पाहुणे पांगले. सुधाही गेली. संध्याकाळी मी सिरिंज उकळली, अण्णाला सुई दिली, लगेच पोळ्या केल्या. त्याचं ताट वाढलं. तो म्हणाला, "तुझंही घे." मी घेतलं, समोर बसले. दोन घास झाले. त्यानं ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठला आणि चटणी आणायला आत गेला.

बराच वेळ झाला, डबे उघडल्याचे आवाज येतायत. छत्तीस वर्षं या घरात तुझ्या हातची चटणी खाल्ली, पण ती कुठल्या फळीवर असते हे तुझ्या नवऱ्याला माहीत नाही. मी सांगणार नाही. शोधू दे त्याला.

तू मात्र उठू नकोस, वहिनी. बस.